दुसऱ्या ओढ्यानंतर डावीकडे

मी जुन्नर तालुक्याच्या पश्चिम अंगाला, नाणेघाटाच्या बाजूला, बचत गटांची समन्वयक म्हणून काम करते. या रेडिओवर याआधी दोनदा बोलले आहे, एकदा हिरड्याच्या भावावर आणि एकदा कर्जाच्या हप्त्यांवर. आज बोलायचंय ते वाटेवर. म्हणजे वाट सांगण्यावर. तुम्ही म्हणाल, वाट सांगण्यात काय एवढं? मलाही तसंच वाटायचं, दोन वर्षांपूर्वीच्या जानेवारीपर्यंत.

आमच्याकडं घाटमाथ्यावर उभं राहिलं की जीवधन किल्ला दिसतो, त्याच्या शेजारी वानरलिंगीचा सुळका, दुसरीकडं नानाचा अंगठा, आणि पायाखाली एकदम कोकण. नाणेघाटाची वाट दोन हजार वर्षांची, सातवाहनांच्या काळची. कल्याण बंदराचा माल याच वाटेनं जुन्नरला चढायचा. घाटातल्या लेण्यात नागनिका राणीचा ब्राह्मी लिपीतला लेख आहे आणि वर दगडी रांजण आहे, त्यात जकात टाकत असं सांगतात. त्यामुळं बाहेरचं माणूस येणं आम्हाला नवीन नाही. पण पूर्वी लोक किल्ला बघायला, लेणी बघायला यायचे. आता काही जण नुसता कातळ चढायला येतात. प्रस्तरारोहण म्हणतात त्याला, पोरं रॉक क्लाइंबिंग म्हणतात. कमरेला पट्टा, त्याला दोर, आणि बोटांच्या पेरांवर पोरगी उभी भिंत चढते. मी पहिल्यांदा बघितलं तेव्हा खाली बसून डोळे मिटून घेतले होते.

वानरलिंगीचं नाव मोठं, ती लांबूनच दिसते, ती चुकत नाही. पण हल्ली ही मंडळी आडबाजूच्या कातळभिंती शोधत येतात. तिथं देऊळ नाही, पाण्याचं टाकं नाही, पायऱ्या नाहीत. जत्रा नाही म्हणून मळलेली वाटही नाही. असाच एक कडा आमच्या वाडीच्या मागं, रानात, तासाभरावर आहे. त्याचं नाव मी रेडिओवर सांगणार नाही, उगीच गर्दी व्हायची. त्या कड्याला कसं जायचं ते एका पुस्तकात छापलेलं आहे. पुस्तकाचंही नाव घेत नाही. पुस्तक चांगलं आहे, लिहिणारा स्वतः येऊन, चालून, चढून गेलेला माणूस आहे हे वाचताना कळतं.

आमचा गट येणाऱ्यांसाठी जेवण करतो. पिठलं, भाकरी, ठेचा, भात. आदल्या दिवशी फोन करून माणसं किती ते सांगायचं, एवढाच नियम. त्या दिवशी पाच ताटं होती. तीन मुली, दोन मुलगे, पुण्याहून आलेले. सकाळी चहा पिऊन सातला निघाले आणि संध्याकाळी सहाला जेवायला येतो म्हणाले. जानेवारीत आमच्याकडं सव्वासहाला दिवस मावळतो. सात वाजले. भाकऱ्या झाकून ठेवल्या. साडेसातला आमच्या गटातल्या आजी म्हणाल्या, "आता चूल इझवू नका गं."

या आजी गटात सगळ्यात मोठ्या, सत्तरीच्या पुढच्या. सही करायला गटातच शिकल्या. उभा जन्म हिरड्याच्या रानात गेला. तुम्हाला माहीत आहे, बाळहिरडा गोळा करायला उन्हाळ्यात आम्ही बायकाच जातो, पहाटे जायचं आणि ऊन तापायच्या आत भरलं पोतं घेऊन परतायचं. पोतं डोक्यावर असलं की वाट डोळ्यांनी बघता येत नाही, पायांनी बघावी लागते.

पावणेआठला माझा फोन वाजला. त्यातली एक मुलगी होती. म्हणाली, "ताई, आम्ही चुकलोय. एकीचा पाय मुरगळलाय. बॅटरी एकच चालू आहे." मी विचारलं कुठं आहात, तर म्हणाली, "एका रिजवर आहोत, मोठा दगड आहे, पुढं उतार आहे." आता रिज म्हणजे काय सांगू? आमच्याकडं धार असते, सोंड असते, दांड असतो, पदर असतो. धार म्हणजे दोन्ही बाजूंना पडायची जागा. सोंड म्हणजे डोंगरातून खाली उतरत गेलेला सोपा भाग, तिच्यावरून माणूस उतरतो. पदर म्हणजे कड्याच्या मध्यावरची सपाटी, तिथून खाली वाट असेलच असं नाही. या सगळ्याला त्या पोरीकडं एकच शब्द होता, आणि मोठा दगड तर आमच्या रानात पावलापावलाला. मला घाम फुटला. बीए झालेली मी, पण तिला पुढचं काय विचारावं ते सुचेना.

आजींनी फोन हातातून घेतला. त्यांनी "कुठं आहेस" असं विचारलंच नाही. पहिला प्रश्न, "बाय, वारा कुठनं लागतोय? खालनं का मागनं?" पोरगी म्हणाली खालून, तोंडावर. दुसरा प्रश्न, "पायाखाली गवत का मुरूम?" गवत, वाळलेलं, घसरतंय. मग आजी म्हणाल्या, "सगळे खाली बसा. उभं ऱ्हाऊ नका. एक पाऊलसुदिक पुढं टाकू नका. आमी येतोय." फोन ठेवला आणि मला म्हणाल्या, "धारंला हाईत. फोन लागतोय न्हवं, कोकणातला टावर घावलाय त्यांना. आत रानात कुनाचा फोन लागतो का?"

मैत्रिणींनो, हे मला कधी सुचलं नसतं. आत रानात फोनला रेंज नसते हे आम्हा सगळ्यांना माहीत. पण फोन लागला म्हणजे माणूस कड्याच्या ओठावर आहे, हा हिशेब त्यांनी एका क्षणात केला. खालून येणारा वारा म्हणजे समोर जमीन नाही.

आम्ही चौघं निघालो. आजींचा मुलगा, गावातला एक वाटाड्या, मी आणि आमच्या गटाच्या सचिव वहिनी. आजी गोठ्यापर्यंत आल्या आणि तिथून दर थोड्या वेळानं कुकारा घालत राहिल्या, म्हणजे पोरांना धीर आणि आम्हाला दिशा. सव्वा तास लागला. पाचही जण एकमेकांना चिकटून बसलेले होते. वाटाड्यानं बॅटरी पुढं मारून मला दाखवलं. त्यांच्यापुढं वाळक्या गवताची पंचवीस-तीस पावलं, आणि मग काहीच नाही. मुरगळलेल्या पोरीला आळीपाळीनं पाठुंगळी घेऊन आणलं. रात्री साडेदहाला पिठलं पुन्हा गरम केलं. जेवताना कुणी बोललं नाही. त्यातला एक मुलगा भाकरी हातात धरून रडला.

सकाळी मी त्यांना म्हटलं, ते पुस्तक दाखवा. त्यांच्याकडं त्या पानाची झेरॉक्स होती. जेमतेम आठ ओळी. वाचल्यावर माझ्या लक्षात आलं की त्यात खोटं एकही अक्षर नाही, आणि तरीही ते पान हातात घेऊन निघालेला माणूस चुकणारच.

त्यात होतं, दुसऱ्या ओढ्यानंतर डावीकडे वळावे. आमच्या त्या वाटेवर ओढे तीन आहेत. लिहिणारा पावसाळा सरता सरता आला असणार, तेव्हा तिन्हींना पाणी असतं आणि मोजायला काही अडचण नाही. जानेवारीत पहिल्या ओढ्यात कुठं कुठं डबकी राहतात. दुसरा पार कोरडा, नुसते गोल गोटे, वरून पालापाचोळा. नवखा माणूस तो ओलांडतो आणि आपण ओढा ओलांडला हे त्याला कळतही नाही. तिसऱ्याला झरा आहे म्हणून ओल राहते. पोरांनी पहिला मोजला, तिसऱ्याला दुसरा समजले आणि तिथून डावीकडं वळले. ती ढोरवाट. ढोरवाट चांगली रुंद असते, बघितलं तर खऱ्या वाटेपेक्षा चांगली दिसते. पण ढोरांना कड्याशी काय काम? ती चरत आडवी आडवी जाते आणि गवत संपलं की वाटही संपते. सकाळचे तीन तास त्यांनी तिथं घालवले. अकराच्या सुमाराला कसाबसा कडा सापडला, चढाई उशिरा सुरू झाली, उतरायला साडेपाच वाजले. आणि परतीचं त्या पानात काही नव्हतंच. सगळी पुस्तकं जायची वाट सांगतात, यायची कोण सांगतं? येताना डावं उजवं होतं, दुसरा ओढा आधी लागतो की मागून हे अंधारात उलटं मोजायचं, आणि तीच ढोरवाट पुन्हा समोर.

पुढं पानात कारवीच्या रानातून वीस मिनिटे असं होतं. कारवी सात वर्षांनी फुलते आणि फुलून बी धरलं की वाळते. पुस्तक लिहिलं तेव्हा डोक्यावर गेलेली कारवी असेल, त्या सालात तिथं वाळके दांडे होते, तेही निम्मे आम्हीच कुडाला तोडून आणलेले. गोठ्याचा उल्लेख होता, तो गोठा मालकानं केव्हाच हलवला.

आणि वीस मिनिटं कुणाची? हा प्रश्न आमच्या सचिव वहिनींनी काढला. त्या पोरांच्या पाठीवर साठ मीटरचा दोर होता, त्या एका दोराचं वजनच चार किलोच्या आसपास. वर लोखंडी कड्या, हेल्मेट, माणशी तीन-चार लिटर पाणी. आमची बाई पोतं घेऊन चालते त्याच चालीनं ती चालणार नाहीत. मोकळ्या हातानं वीस मिनिटं लागत असतील तर तसं लिहावं. अर्थात आम्हीही काही कमी नाही. कुणी विचारलं किती लांब, तर आम्ही म्हणतो, "हे काय, हितंच." आमचं हितंच तासाचंही असतं.

पुढच्या महिन्याच्या बैठकीत हप्ते गोळा झाल्यावर मी ते पान मोठ्यानं वाचलं आणि म्हटलं, आपण हे नीट लिहू. मला वाटलं सगळ्या हो म्हणतील. एक ताई लगेच म्हणाल्या, "वाट लिवून दिली तर वाटाड्याला कोन नेईल? माझ्या घरात त्याचंच चार पैसं येत्यात." बरोबर होतं त्यांचं. त्यांचे यजमान दिवसाचे पाचशे रुपये घेतात, आणि हिरड्याला भाव नसतो त्या साली तोच आधार. त्यावर दुसरी म्हणाली, लिहिलेलं आधीपासून छापून फिरतंयच, चुकीचं फिरण्यापेक्षा बरोबर फिरू दे. खूप वाद झाला. शेवटी ठरलं ते असं. दिवाळीपासून होळीपर्यंतची वाट लिहायची. पावसाळ्याची आणि धुक्याच्या दिवसांची लिहायचीच नाही, त्या दिवसांत वाटाड्याशिवाय जाऊ नये एवढंच ठळक लिहायचं. कारण धुक्यात आजीसुद्धा एकट्या जात नाहीत. त्या ताई पूर्ण राजी झाल्या असं नाही. अजूनही कधी कधी मला सुनावतात.

मग रविवारी सहा जणी त्या वाटेनं गेलो. मी वही घेऊन, बाकीच्या बोलत. तेव्हा मला कळलं की माहीत असणाऱ्याला वाट सांगणं फार अवघड जातं. त्याच्या नजरेला चुकीची वाट दिसतच नाही, मग तो ती सांगेल कशी? म्हणून आम्ही एक युक्ती केली. माझी मुंबईला राहणारी नणंद सुट्टीला आली होती, तिला पुढं घातलं. ती जिथं जिथं थबकली तिथं तिथं मी लिहिलं. जिथं चुकली तिथं तर दोन ओळी जास्त लिहिल्या. बिचारी चार वेळा चुकली, आणि प्रत्येक वेळी सगळ्या हसल्या.

त्या पानातलं थोडं वाचून दाखवते. "पहिला ओढा ओलांडताना सपाट कातळ आहे, तिथे बायका धुणे धुतात. दुसऱ्या ओढ्याला दिवाळीनंतर पाणी नसते, गोल गोटे व पाला दिसला की तोच ओढा समजावा. त्यानंतर शेंदूर लावलेला वाघोबाचा दगड येतो. दगड डाव्या हाताला ठेवून चढाला लागावे. वाट उतरू लागली किंवा खालून वारा तोंडावर आला तर चुकलात, पुढे न जाता दगडापाशी परत यावे. येताना हाच दगड उजव्या हाताला ठेवावा. दगडाला पाय लावू नये, दोर बांधू नये."

डाव्या-उजव्याचं आम्ही एक पक्कं केलं. नदी-ओढ्याचा डावा काठ म्हणजे पाणी वाहतं त्या दिशेला तोंड करून डावा. कड्याचं डावं म्हणजे कड्याकडं तोंड करून. ही चढणाऱ्यांची पद्धत आहे, पोरांनीच सांगितली. आम्हाला ती माहीत नव्हती, त्यांना वाघोबा माहीत नव्हता.

अजून एक गोष्ट त्यात घातली, ती मोहोळांची. त्या कड्याला आग्या मोहोळं लागतात आणि फिरून फिरून त्याच जागी येतात. खालून ती काळ्या डागांसारखी दिसतात. जमिनीवरचा माणूस पळू तरी शकतो, दोराला लटकलेला कुठं पळणार? म्हणून कोणत्या दगडावर उभं राहिलं की पूर्ण कडा दिसतो ते लिहिलं, आणि मोहोळ दिसलं तर त्या दिवशी दोर सोडूच नका असंही. धूर नको, वासाचं तेल-अत्तर नको, आरडाओरडा नको. पुस्तकात हे असेल असं मला वाटलं होतं. नव्हतं.

वाट विचारण्याबद्दलही चार शब्द बोलते, कारण तुम्हालाही कधी बाहेर जावं लागतं. बाहेरची माणसं विचारतात, "ही वाट कड्याला जाते ना?" आमचं माणूस म्हणतं, "जाते की." पाहुण्याला नाही कसं म्हणायचं? आणि जातही असते, फिरून फिरून. तेव्हा असं विचारावं, "ही वाट कुठं जाते?" मग समोरच्याला नाव घ्यावं लागतं. आणि जाताना दर फाट्यावर मागं वळून बघावं. परतताना तेच दिसणार असतं. आमच्या सासूबाई तर फाट्यावर एक डहाळी मोडून टाकायच्या.

ते पान आम्ही पुस्तकवाल्यांना पाठवलं. उत्तर आलं की पुढच्या आवृत्तीत बघू. ती आवृत्ती अजून निघालेली नाही. तोवर आम्ही झेरॉक्स काढून स्वयंपाकघराच्या दारात ठेवल्यात. जेवायला येणाऱ्याला एक प्रत फुकट, आणि निघताना कागदावर नावं, माणसं किती आणि परतायची वेळ लिहून ठेवायची. वेळ टळून तासभर झाला की आम्ही फोन करतो, नाही लागला तर निघतो.

मागच्या महिन्यात चार जण आले होते. पान घेऊन गेले, कडा सापडला, पाचच्या आत परत. जेवताना त्यातली एक मुलगी संकोचत म्हणाली, "मावशी, रागावू नका, पण पानात एक चूक आहे. तिसऱ्या ओढ्यापाशी हिरड्याची तीन झाडं लिहिलीत, तिथं दोनच आहेत. आम्ही तिसरं शोधत अर्धा तास फिरलो."

ती झाडं मी घातली होती. आजी तेव्हाच म्हणाल्या होत्या, झाड लिहू नका, दगड लिहा. मला ती तीन झाडं एका रांगेत फार सुंदर वाटली होती.

आजी चुलीपाशी बसल्या होत्या. म्हणाल्या, "पडला तो. वादळात."

मी म्हटलं, "अहो, मग सांगितलं का नाही?"

"मला वाचून कुठं दावलंस त्यानंतर?"

त्या रात्री उरलेल्या सगळ्या प्रती काढल्या, सत्तावीस होत्या. पेन घेऊन बसले आणि प्रत्येकीवर झाडांची ओळ खोडली. आजींना विचारून तिथं लिहिलं, "ओल असलेल्या कातळावरून, पाणी उजवीकडे वाहत जाते." मग सगळं पान पहिल्यापासून त्यांना वाचून दाखवलं. त्यांनी अजून दोन ठिकाणी थांबवलं.